इनरबाखची भाकर

परत आल्यापासून बाररूममध्ये रोज कोणीतरी विचारतं, "काय वकीलसाहेब, बर्फ कसा असतो?" मी सांगतो, पहिल्या दिवशी पाहत बसावासा वाटतो, दुसऱ्या दिवशी माणूस त्यावर आपटतो आणि तिसऱ्या दिवसापासून तो नुसता आड येतो. हे उत्तर कोणाला आवडत नाही. स्वित्झर्लंड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली गाणी येतात. मी मात्र तिथला बराचसा वेळ माझ्या वडिलांच्या जेवणाची सोय लावण्यात घालवला.

माझी धाकटी बहीण शालू नर्सिंग शिकून तिकडच्या एका इस्पितळात नोकरीला गेली आणि पाय मोडून आलेल्या एका डोंगरी माणसाशी तिनं लग्न केलं. आम्हाला कळवलं ते लग्न झाल्यावर. सावनेरजवळ आमची संत्र्याची बाग आहे. ही बातमी घेऊन मी तिथे गेलो तेव्हा बाबा झाडांची आळी नीट करत होते. त्यांनी फावडं बाजूला ठेवलं, हात धुतले आणि "बरं" म्हणाले. त्यावर पुढे कित्येक वर्षं काही बोलले नाहीत. आई गेली तेव्हा शालू एकटीच येऊन गेली. मग यंदा संत्र्याचा आंबिया बहार चांगला निघाला आणि एका सकाळी बाबा माझ्या नागपूरच्या घरी येऊन म्हणाले, "वसंता, चाल गा, पोरीचं घर पाहून येऊ." तिकिटं शालू पाठवायला तयार होती. बाबा म्हणाले, "लेकीच्या पैशानं लेकीच्या घरी जाऊ का मी?" तिकिटं संत्र्याच्या पैशांतून निघाली.

मी ट्रंककॉल करून शालूला कळवलं. लाइनवर खरखर होती, पण तिचं एक वाक्य स्वच्छ ऐकू आलं. "भाऊ, बाबाले एकदा माह्या हातचं जेवू घालीन, मंग मले बाकी काही नाही पायजे."

मी "हो" म्हणालो खरा, पण ते जमणार नव्हतं. कारण लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत आमच्या घरात कडक आहे. माझी आत्या काटोलला दिलेली. आजोबा तिला भेटायला बैलगाडीनं जायचे, ओसरीवर बसून विचारपूस करायचे आणि भर उन्हात पाण्याचा घोटही न घेता परत यायचे. सगळं काटोल त्यांचं आणि आत्याचं नाव काढायचं. शालूला मूल नाही. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी माझ्या बायकोला एक पत्र्याची पेटी दिली आणि तिखट पुऱ्या, चिवडा, जवसाची चटणी, सातूचं पीठ नि गूळ अशी ती गच्च भरून घेतली. तेव्हाच मी समजलो.

वर जाताना

विमान आणि आगगाडी यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शेवटची बस मात्र लक्षात राहील. इनरबाख हे गाव आपल्या चिखलदऱ्याच्या दीडपट तरी उंचीवर आहे आणि रस्ता डोंगराच्या अंगावरून वळसे घेत चढतो. आम्ही गेलो तो मार्च महिना होता. नागपुरात माठ भरायला सुरुवात झाली होती, आणि इथे दोन्ही बाजूंना बसच्या खिडकीइतक्या उंच बर्फाच्या भिंती होत्या. बाबांनी धोतराच्या आत लोकरीची विजार घातली होती, वर माझा जुना कोट, डोक्यावर टोपी आणि टोपीवरून मफलर. पेटी मांडीवर होती.

गावात गाड्या जात नाहीत. बसथांब्यावर शालू आणि तिचा नवरा योसेफ सामानासाठी बर्फावरून ओढायची लाकडाची घसरगाडी घेऊन उभे होते. योसेफ आडव्या बांध्याचा, उन्हानं रापलेला माणूस. तो पुढे आला, वाकून बाबांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "आले का गा, बाबा?"

त्याला मराठी येते ती शालूची, म्हणजे सावनेरची. बाबांचा चेहरा खुलला. पण लगेच योसेफनं पेटीला हात घातला आणि सगळं बिनसलं. आमच्याकडे जावई आला की त्याला पाटावर बसवतात, त्याच्या पुढचं ताट उचलायला तिघं धावतात. त्याच्या हाती सासऱ्याचं ओझं म्हणजे बाबांच्या मते पापच. "राहू द्या, जवाईबापू," म्हणत त्यांनी कडी धरली. योसेफला वाटलं म्हातारा उगाच संकोच करतोय. त्यानं ओढलं, बाबांनी ओढलं, आणि पेटी दोघांच्याही हातून सुटून गल्लीच्या उतारावरून खडखडत निघाली. आम्ही चौघं मागे, घसरत, एकमेकांना धरत. गल्लीच्या मध्यावर झाडाचं खोड कोरून केलेला एक लांबलचक हौद आहे. त्यात डोंगरातलं पाणी नळीतून बारा महिने पडत असतं, कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. पेटी त्याला जाऊन धडकली आणि थांबली.

बाबा हौदाच्या काठावर टेकले. दम खाल्ला. मग त्यांनी शालूला पहिला प्रश्न विचारला, "हे कोनाचं पानी?"

"गावाचं आहे, बाबा. सारे इथूनच भरते."

"मंग झालं," असं म्हणून त्यांनी पिशवीतून तांब्या काढला आणि तिथेच भरून घेतला. शालूला त्याचा अर्थ कळला.

घरात

घर लाकडाचं, जुनं, धुरानं काळवंडलेलं, खिडक्या टीचभर. आत मात्र ऊब होती आणि फोडणीचा वास दरवळत होता. शालूनं तूरडाळ कुठून मिळवली देव जाणे. वरण, भात, झुणका, पोळ्या, सगळं तयार होतं. आम्ही टेबलाशी बसलो. बाबा टेबलापासून जरा लांब, खिडकीजवळच्या बाकावर बसले आणि त्यांनी पेटी उघडली.

शालू पळी हातात घेऊन उभी होती. "बाबा, नुसतं वरण घ्या थोडं."

"तू जेव वं माय. मले पाहू दे तू जेवताना."

ती मान खाली घालून जेवली. मी भात दोनदा मागून घेतला, कारण कोणीतरी घ्यायला हवा होता. योसेफ कधी तिच्याकडे, कधी बाबांच्या हातातल्या पुरीकडे पाहत होता. त्याला बहुतेक आधी सांगितलेलं होतं, पण सांगणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. मला फार वाईट वाटलं.

दोन-चार दिवसांत पुऱ्या संपत आल्या. थंडीत बाबांची भूक दुप्पट झाली होती आणि सातूच्या पिठावर माणूस बर्फात किती दिवस काढणार? मी माझं वकिली डोकं चालवलं. शेजारी आगाथा नावाची म्हातारी बाई एकटी राहते. ती योसेफच्या नात्यातली नाही, याची मी आधी खात्री करून घेतली. मग बाबांना म्हटलं, "हे काही शालूचं सासर नाही. इथे खायला हरकत कोणती?" बाबांनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

मग रोज दुपारी बाबा काठी टेकत शालूच्या दारातून निघायचे, गल्ली ओलांडायचे आणि आगाथाबाईंकडे जेवायचे. तिथलं जेवण म्हणजे सालीसकट उकडलेले बटाटे आणि चीज. चीजचा मोठा तुकडा विस्तवासमोर धरायचा, वितळला की सुरीनं खरवडून बटाट्यावर घ्यायचा. बाबा त्याच्यावर जवसाची चटणी भुरभुरायचे. बाईंनाही चटणी आवडली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी बाबा तिथून ढेकर देत परत यायचे. मी माझ्या युक्तीवर खूश होतो. शालू मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली. तिच्याबरोबर गावच्या दुकानात गेलो की आत चाललेलं बोलणं थांबायचं. माझ्या कोटाकडे पाहत असतील, असं मला वाटायचं.

उतारावर

योसेफ उन्हाळ्यात गाई राखतो, गवत कापतो आणि हिवाळ्यात लोकांना स्की शिकवतो. मेहुण्याला शिकवल्याशिवाय तो कसा सोडेल? गावाबाहेरच्या छोट्या उतारावर त्यानं माझ्या पायांना त्या लांब पट्ट्या बांधल्या. माझ्याबरोबर शिकायला होती ती बालवाडीतली पोरं.

"गुडघे वाकव, भाऊ," योसेफ ओरडत होता. "घाबरून काहून राहिला?"

मी घाबरलो नव्हतो, मला थांबता येत नव्हतं. पट्ट्यांची टोकं आत वळवली की माणूस थांबतो म्हणतात. माझी वळायची, पण एकमेकांवर चढायची, आणि मी आधी बसायचो, मग आडवा व्हायचो. एकदा एका लहान मुलीला चुकवायला गेलो आणि कुंपणात शिरलो. तिनंच येऊन माझी काठी उचलून दिली. बाबा बाकावर बसून हे सगळं पाहत होते. "पाय बांधून उतारावरून सुटाचं, याले खेळ म्हनते?" ते म्हणाले. तरीही संध्याकाळी एकदा, फार तर आमच्या बैठकीच्या लांबीइतका, मी सरळ उभा घसरत गेलो. तो आनंद मी अजून विसरलेलो नाही.

मला जास्त रमवलं ते गावानं. दुसऱ्या दिवशी अंग ठणकत होतं म्हणून बाबांना घेऊन शालूबरोबर फिरायला निघालो. गावाच्या टोकाला धान्याच्या जुन्या कोठ्या आहेत. लाकडी खांबांवर उभ्या, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या तळीएवढा गोल दगड. उंदीर खांबावरून चढतो, पण दगडाला उलटा चिकटून पुढे जाऊ शकत नाही. बाबांनी प्रत्येक दगडाखाली हात घालून पाहिला. शालूनं सांगितलं की रस्ता होण्याआधी हे गाव हिवाळाभर तुटलेलं असायचं. वरून हिमलोट कोसळायचे. जमीन दगडासारखी घट्ट, म्हणून हिवाळ्यात कोणी गेलं तर त्याला माळ्यावर थंडीत ठेवायचे आणि बर्फ वितळल्यावर पुरायचे.

"अन् घरचे खाली जेवत?" बाबांनी विचारलं.

"जेवत. काय करतीन बाबा."

शालू दूध आणायला पुढे गेली तेव्हा मी बाबांना गाठलं. मुद्दा माझ्या मनात तयारच होता. म्हटलं, "बाबा, बापानं लेक दान केली म्हणून तो तिच्या घरी खात नाही, अशी ती रीत. शालूला तुम्ही दान केलेलीच नाही. लग्नाला तुम्ही नव्हता. मग तुम्हाला रीत लागूच कशी होते?"

बाबा चालायचे थांबले.

"मी देल्ली नाही, ते खरं आहे," ते म्हणाले. "पन वसंता, तिथं खाल्लं तर काय होते? परक्याच्या घरी खाल्ल्यासारखं होते. ते घर तिचं सासर आहे असं मी मानतो, म्हून खात नाही. मी अजून काय करू शकतो तिच्यासाठी? लग्नात तर काही केलं नाही."

मी कोर्टात अनेकदा हरलो आहे, पण इतका साफ कधी हरलो नव्हतो. शालूला जो नकार वाटत होता, तो बाबांच्या बाजूनं आहेर होता. हे मी शालूला सांगितलं. ती हसली आणि तिचे डोळे भरले. "मले समजलं भाऊ," ती म्हणाली. "पन या गावाले कोन समजावून सांगन?" काय समजवायचं आहे, ते तिनं सांगितलं नाही.

भट्टीघर

इनरबाखला गावाची एक भट्टी आहे, दगडी, एका खोलीएवढी. वर्षातून मोजक्या वेळाच ती पेटते आणि गावातली घरं पाळीपाळीनं आपापली भाकर भाजून घेतात. राय नावाच्या काळपट धान्याचा तो जाड, गोल पाव असतो. नंतर महिनोन्महिने टिकतो आणि इतका कडक होतो की खास सुरीनं तोडावा लागतो. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरते. पहिली पाळी कोणालाच नको असते, कारण थंड पडलेली भट्टी तापवायला लाकूड फार जातं आणि पहिल्या घाण्याचा पाव न फुगता दडस निघतो. या वेळी पहिली पाळी योसेफच्या घरावर आली. दरवेळी सगळं बघणारी शालूची सासू मागच्या वर्षी वारली होती. सगळा भार शालूवर होता.

बाबा आणि मी सकाळी तिथे पोचलो. भट्टीघरात गावातल्या बायका-पुरुषांची दाटी होती. कणीक मळायचं काम तिथे पुरुष करतात. योसेफ कोपरापर्यंत हात घालून लाकडी काथवटीत रेटत होता. बाबांनी ते पाहिलं आणि नजर वळवली. जावयाला कणीक मळताना सासऱ्यानं पाहणं बरं नव्हे, असं त्यांना वाटलं असावं. शालू भट्टीच्या तोंडाशी होती. ओंडके जड, धूर उलटा फिरत होता, तिचा चेहरा लाल झाला होता आणि कोणी हात लावायला पुढे येत नव्हतं. ज्याची पाळी त्यानंच विस्तव करायचा, असा नियम. बाबा तिथल्या ठोकळ्यावर बसले, काठी बाजूला ठेवली आणि एकेक ओंडका उचलून आत सारू लागले. त्यांना कोणी अडवलं नाही.

दुपारी राख ओढून काढली, लांब दांड्याच्या फळीवरून पाव आत गेले, आणि वास सुटला. तेवढ्यात आगाथाबाई बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलल्या. भट्टीघरातली माणसं जवळ सरकली. बाई शालूकडे वळल्या आणि हातानं खूण केली, सांग त्यांना.

शालूनं पदराला नव्हे, तिथल्या त्या जाड एप्रनला हात पुसले. "बाबा, ते म्हनते, त्यायच्या गावात जुन्या काळापासून एक रीत आहे. हिवाळ्यात कोनाच्या घरची भाकर सरली, तर दुसऱ्याच्या घरी जाऊन खायाची. कोनी नाही म्हनाचं नाही. एखादा मानूस एखाद्या घरची भाकर खात नाही, तर त्या घरानं काहीतरी वाईट केलं, असं समजते. पान्याच्या पाळीवरून दोन घरं भांडली होती, त्यायच्या नातवायनंही एकमेकायची भाकर खाल्ली नाही."

बाईंनी पुन्हा काही विचारलं. शालूनं तेही सांगितलं.

"ते विचारून राहिली, की शालूनं काय केलं. सारं गाव विचारून राहिलं म्हनते. बाप तिच्या दारातून निघून रोज दुसऱ्याच्या घरी जेवते. पोरीनं घरी काय केलं असन, म्हून बाप तिचं खात नाही."

दुकानात बोलणं का थांबत होतं, ते मला तेव्हा कळलं. गल्ली ओलांडून जेवायला जायची युक्ती माझी होती, हेही आठवलं. योसेफचे पिठाचे हात तसेच हवेत राहिले होते. बाबा खाली पाहत होते. काटोलला ज्या गोष्टीनं आत्याचं नाव झालं होतं, त्याच गोष्टीनं इथे शालूचं नाव जात होतं. कोणाशी भांडावं, हेच कळत नव्हतं.

"तू मले पहिलेच काहून नाही सांगितलं वं?" बाबांनी विचारलं.

"तुमची रीत कशी मोडू बाबा?"

पाव बाहेर आले. आधी शालूनं एक उचलला, फडक्यात धरला, खालून टिचकी मारून पाहिला. पहिल्या घाण्याचा, दडस, एका बाजूनं जरा करपलेला. ज्यानं विस्तव केला त्याला पहिला पाव द्यायचा, अशी तिथली चाल आहे. तिनं तो बाबांच्या पुढे धरला. सगळे बघत होते.

मला राहवलं नाही. मी बाबांच्या कानाशी लागलो. "बाबा, घ्या. भट्टी गावाची आहे, हौदासारखीच. लाकूड तुम्ही घातलं. हे शालूच्या घरचं अन्न धरताच येत नाही. इथेच खा, रीत मोडत नाही."

बाबांनी पाव दोन्ही हातांत घेतला. "मले मालूम आहे," ते म्हणाले. "म्हून इथं नाही खात."

ते उठले, पाव छातीशी धरला आणि बाहेर पडले. आम्ही मागे. आगाथाबाई मागे, आणि भट्टी सोडून आणखी दहाबारा माणसं. बाबा हौदाजवळून गेले, त्यांचा रोजचा तांब्या तिथेच काठावर होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आगाथाबाईंच्या दारावरून गेले. शालूच्या घरात शिरले, खिडकीजवळचा बाक सोडून थेट टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसले आणि टोपी नीट केली.

"वरण आहे का वं?" त्यांनी विचारलं. "सकाळचं असन तरी चालते."

शालूनं पातेलं चुलीवर चढवलं. गल्लीत माणसं उभी होती. थंडीचा लोट सरळ आत येत होता, म्हणून मी दार लोटायला गेलो.

"राहू दे गा, वसंता," बाबा पाव मोडता मोडता म्हणाले. "माहं जेवन होईपर्यंत दार उघडंच ठेव."